वाढत्या अंगाचे पाटे

चहा निवला तर निवू दे, पण मध्ये कुणी बोलू नका. एकदा थांबलो की हा किस्सा पुढे सांगायचा धीर होत नाही मला. माणूस जीपचे पाटे बदलायला जातो आणि कामगार युनियनचा अध्यक्ष होऊन परत येतो, असं कुठं ऐकलंय तुम्ही? मीही ऐकलं नव्हतं. भोगलं मात्र.

तेव्हा मी भोसरीत राहायचो आणि चिंचवडला एका कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात चार्जहँड होतो. म्हणजे अजून कामगारातच. खात्यात सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक मी, दुसरा माझ्याच खात्यातला जोशी. जोशी म्हणजे नुसती काडी. वारा सुटला की मीच त्याला दंडाला धरून ठेवायचो. त्या जागेपायी माझी झोप उडाली होती. रात्री कूस बदलून बदलून बायकोला जागी करायचो.

त्यातच मी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. का घेतली ते विचारू नका. बायकोनं विचारलं होतं, तिलाही अजून उत्तर मिळालेलं नाही.

जीप मागून पार बसलेली होती. मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन तोलून धरणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, अगदी सपाट झालेले. मी ती नाक्यावर करीमभाईंच्या गॅरेजात नेली. करीमभाई गाडीखालूनच बोलायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्यांचे पाय तेवढे ओळखीचे.

"वसंतराव, मागं भरणार काय? माणसं का माल?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो तर. वजन बघून पाटा घालायचा असतो. रिकाम्या गाडीला कडक पाटा घातला तर नाचंल ती."

आता आमच्या घरात शाळेचा सदरासुद्धा कधी मापाचा घेतला नाही. वाढत्या अंगाचा घ्यायचा, म्हणजे पुढे पुरतो. मी सगळं गॅरेज फिरून बघितलं आणि कोपऱ्यात टेकवलेल्या एका जाडजूड जोडीवर बोट ठेवलं.

"हे घाला."

"ते टेंपोचे हैत राव."

"बसतील का?"

"बसवायला काय, खटपट करून काय पण बसवता येतं. पण कशापायी?"

"मजबूत ते मजबूत, करीमभाई. घाला तुम्ही."

दिवसभर घासाघास, ठोकाठोक चालली. मी एका जागी उभा राहीन तर शपथ. या बाजूनं वाकून बघ, त्या बाजूनं वाकून बघ, न विचारता सल्ले दे. संध्याकाळी जीप खाली उतरवली तर तिचं बूड हे एवढं वर आणि नाक खाली. बायको म्हणाली, "ही कुणाच्या पाया पडतेय?"

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन बाजारात निघालो. पहिल्याच खड्ड्यात जीपनं अशी उडी घेतली की बायकोचं डोकं वरच्या पाइपवर आणि भाजीची पिशवी रस्त्यावर. ती उतरली, वांगी गोळा केली आणि म्हणाली, "मला पाठ एकच आहे. मी चालत जाते." आणि गेली.

मी तडक गॅरेजात. तर गॅरेजला कुलूप. करीमभाई भाचीच्या लग्नाला सोलापूरकडं गेलेले, आणि माझे जुने पाटे त्यांनी आधीच भंगारात घातलेले. आता काय करणार? मागं वजन टाकणं आलं. मी रेतीची पोती टाकली. तर कंपनी सुटल्यावर गेटवरचा वॉचमन रोज एकेका पोत्याचं तोंड सोडून त्यात हात घालून बघायचा, कंपनीचा माल तर चालला नाही ना! माझ्यामागं सायकलींची रांग आणि शिव्या.

मग डोक्यात उजेड पडला. माणसं न्यावी. माणसं उघडून बघावी लागत नाहीत.

बसस्टॉपवर आमच्या कंपनीची बरीच मंडळी उभी असायची. त्यात हॅमर शॉपचा ज्ञानोबा, तालमीतला गडी. त्याला मागं बसवलं आणि काय सांगू, जीप अशी शांत चालली की मला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याचे जोडीदार घेतले. सगळे तसलेच, घण मारणारे. मी लांबूनच अंगलट बघून माणूस निवडायला लागलो. जोशीही त्याच स्टॉपवर असायचा.

"वसंतराव, जागा आहे की!" तो म्हणाला.

"भरली हो," मी म्हणालो. दोन माणसांची जागा रिकामी दिसत होती. पण जोशी घेऊन मला काय फायदा?

इथंच शेकलं. युनियनची निवडणूक तोंडावर आलेली, आणि सगळ्यात जास्त मतं हॅमर शॉपची. मला याचा पत्ता नाही, मी आपला पाट्यांच्या काळजीत. जोशीनं मात्र बरोबर जाऊन सांगितलं. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं.

"हॅमर शॉपची माणसं रोज गाडीतून आणता म्हणे. कशासाठी?"

आता खरं कसं सांगणार? ज्याला स्वतःच्या जीपचे पाटे निवडता येत नाहीत, त्याला इन्स्पेक्शनचा सुपरवायझर कोण करील?

"माणुसकी, साहेब," मी म्हणालो.

"निवडणुकीच्या तोंडावर?" साहेबांनी चष्मा काढला. "बढतीसाठी तुमचंच नाव होतं. विचार करा."

मी घाबरून दुसऱ्या दिवशी कुणालाच घेतलं नाही. स्टॉपवरून तोंड फिरवून एकटाच निघालो. रिकामी जीप ती, मी जागच्या जागी गदागदा हलतोय, दात एकमेकांवर आपटतायत. मागून ज्ञानोबाचा आवाज आला.

"सायबानं दम दिलाय जनू भाऊला. बगा, रागानं कसा थरथरतोय."

झालं! दुपारपर्यंत माझं नाव अध्यक्षपदाला लागलं. मी धावत ज्ञानोबाकडं गेलो. "अरे, मला नको हे. मला यातलं काही कळत नाही."

"म्हून तर," ज्ञानोबा म्हणाला. "ज्याला हवं आसतंय, त्यो कामाचा न्हाई."

माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. निवडून आलो.

त्याच संध्याकाळी करीमभाई परतले. मी हात जोडून टेंपोचे पाटे काढायला लावले आणि दोन माणसांपुरते मऊ पाटे घालून घेतले. सकाळी बायको बाजारापर्यंत आली. एकदाही ओरडली नाही. मला वाटलं, बाकी गेलं ते गेलं, एवढं तरी सुधारलं.

पुढं स्टॉपवर अख्खं हॅमर शॉप गुलाल आणि हार घेऊन उभं. मी "नको, नको" म्हणतोय तोवर सगळे चढले. ज्ञानोबा शेवटी चढला. कर्र्र आवाज झाला आणि जीपनं बूड टेकलं. रडतखडत कंपनीच्या गेटात पोचलो आणि तिथं पाटा मोडला. गेट अडलं. आत साहेब उभे, शेजारी जोशी, हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या अध्यक्ष," जोशी म्हणाला. "मला सुपरवायझर केलं. गाडीत आता जागा आहे का हो?"

माझा चेहरा गुलालानं झाकला होता, ते बरं झालं.

कंपनी सुटल्यावर हॅमर शॉपनं जीप ढकलत घरी आणली. करीमभाई आले, खाली सरकले, आणि पाय बोलले, "वसंतराव, आता तरी सांगा. मागं भरणार काय?"

मी ज्ञानोबाकडं बघितलं. तो जोडीदारांसकट माझ्या पायरीवर चहा पीत बसला होता, आणि उठायचं लक्षण दिसत नव्हतं.

"ते टेंपोचेच घाला परत," मी म्हणालो.

बायको कपबशा गोळा करायला आली होती. म्हणाली, "घाला हो करीमभाई. पाटे वाढत्या अंगाचे घेतलेत यांनी. वाढायचे तेवढे हेच राहिले."