वहीवरचं झिंक ऑक्साइड

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की सदाशिव पेठेतल्या बायका "हो का" म्हणायच्या आणि लगेच, घरी स्वयंपाक कोण करतं, ते विचारायच्या. झिंक ऑक्साइड, म्हणजे बाळांच्या मलमात असतं तेच, अतिशय बारीक करून कागदात मिसळायचं आणि त्या कागदावर जंतू मरतात का ते बघायचं, एवढंच माझं काम. काचेच्या डिशमध्ये जंतू वाढवायचे, मधोमध त्या कागदाची चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसलं की मी खूश. नॅनो हा शब्द तेव्हा नुकताच सगळ्यांच्या तोंडी आला होता. नवरा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, मी नॅनोमध्ये. आमचे दोघांचे पाय जमिनीवर नव्हते म्हणा ना.

घरात सासरे होते. निवृत्त शाळामास्तर, बोलणं मोजकं आणि तिरकस. पंधरा-वीस वर्षं ते दर रविवारी तांबट आळीत जाऊन बसत आणि तांब्याची भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांचे शब्द वहीत उतरवून घेत. कुठल्या ठोक्याला काय म्हणायचं, तांबं किती तापलं की काय म्हणायचं. त्या कारागिरांची मुलं कारखान्यात नाहीतर कॉम्प्युटरवर गेली होती, आणि सांगणारे स्वतः एकेक करून गेले होते. वही एकच, निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेली. सासऱ्यांना तिचं पुस्तक करायचं होतं.

एका पावसाळ्यानंतर त्या वहीला बुरशी धरली. सासरे ती घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, लॅबमध्ये जंतू मारता असं ऐकतो. घरच्या जंतूंना काही सवलत आहे का?"

मी हसले, आणि खरं सांगायचं तर हुरळूनही गेले. पहिल्यांदाच कोणीतरी माझं काम मागत होतं. नवरा म्हणाला, आधी झेरॉक्स काढून घे. मी म्हटलं, मशीनच्या काचेवर दाबली तर पानं फाटतील, आधी बुरशी जाऊ दे. त्या वाक्यासाठी मी आजही स्वतःला शिव्या घालते.

पाण्याने शाई पसरेल म्हणून मी पावडर अल्कोहोलमध्ये कालवली. एका कोपऱ्यावर लावून बघितली, शाई हलली नाही. मग शिवण उसवून पानं सुटी केली, दोन्ही बाजूंनी फवारली आणि गॅलरीत दोरीवर टांगली. उन्हात, मुद्दाम. उजेडात ठेवलेल्या चकत्यांचं कडं नेहमी मोठं यायचं ना. सासरे तेव्हा बहिणीकडे साताऱ्याला गेले होते, आणि मी सकाळी लॅबला जायचे ती अंधार पडल्यावर यायचे. आठवडाभर पानांकडे कोणी बघितलं नाही.

रविवारी पानं उतरवली तेव्हा बुरशी पूर्ण गेली होती. अक्षरंही गेली होती. कुठेकुठे पिवळट ओरखडे, बाकी कोरा कागद.

का, ते मला तिथल्या तिथे कळलं. शेजारच्या लॅबमधली मैत्रीण हीच पावडर कापड रंगवणाऱ्यांच्या सांडपाण्यात टाकून उन्हात ठेवायची, आणि संध्याकाळपर्यंत निळं पाणी नितळ व्हायचं. पावडरची बाटली तिला मीच भरून दिली होती. ऊन लागलं की झिंक ऑक्साइड रंग खातं, हे मला तोंडपाठ होतं. पण तो तिचा विषय होता, माझा विषय जंतू.

सासरे परत आले. मी म्हणाले, "बाबा, उन्हाने शाई उडाली. हलकी असणार."

त्यांनी एक पान उजेडाकडे धरलं, मग दुसरं धरलं. "जंतू मेले ना?"

"हो."

"मग झालं."

त्यांनी आठवून लिहायला घेतलं, पण दोन पानांतच थांबले. त्यानंतर कोणी पुस्तकाचं विचारलं की ते म्हणत, "शाई हलकी निघाली. मीच आणली होती." मी चहाचे कप घेऊन शेजारी उभी असायचे. प्रबंध सादर व्हायचा होता, म्हणून तोंड उघडायचे नाही. किती लाज वाटायची म्हणून सांगू.

पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. माझ्या परीक्षेला सासरे इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "या कागदावर शाईने लिहिलेलं टिकतं का? तपासलंत?"

याचं उत्तर त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार होतं?

"नाही सर, तो भाग तपासलेला नाही. पुढच्या संशोधनात घेता येईल."

परीक्षकांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या, मी डॉक्टर झाले.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. शनिवार पेठ आली तेव्हा सासरे बाहेर बघतच म्हणाले, "शाईचं तपासलं होतं की आपण."

आवाजात राग नव्हता. हे त्यांना कधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून ते लोकांना काय सांगत होते, हे माझ्या एकदम लक्षात आलं. "हो बाबा, चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं. मी रिक्षावाल्याला पुढच्या चौकात डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्यानंतर सासरे सहा वर्षं होते. आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही.