माझी हरकत आहे

बाबूजीनं माझ्या खुर्चीला लाथ घातली. भर ग्रामसभेत. मी खुर्चीसकट ओट्यावरून खाली आले. हनुवटी सिमेंटवर आपटली. तोंडात काहीतरी टणक फिरलं. थुंकले, तर दात.

"गोंडनी, तू कायले बसली वो इथं? सही कर अन् चुलीपाशी जा."

हेच शब्द. ग्रामसेवक कागदाकडे पाहत राहिला. माझ्याच टोल्यातली, आमच्या पाड्यातली माणसं चपला शोधू लागली.

मी सरपंच होते. दरेकशाकडच्या जंगलपट्टीत आमचं गाव. सरपंचाची जागा आदिवासी बाईसाठी राखीव निघाली, म्हणून मी उभी राहिले आणि निवडून आले. बाबूजी जुन्या मालगुजाराचा, इथल्या जमीनदाराचा नातू. त्याला वाटलं, बारावी झाली असली तरी मजुराची पोर आहे, दाखवू तिथं सही करेल.

त्याला गावामागचा डोंगर फोडायचा होता. गिट्टीची खदान. पण त्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मंजूर झालेला, त्यामुळे ग्रामसभेचा ना-हरकत ठराव लागत होता. त्या डोंगरावर आमचा देव आहे. मोहफूल, तेंदूपत्ता तिथला. आमच्या बोडीत, शेतांच्या तळ्यात उतरणारं पाणी तिथलंच. मी एवढंच म्हणाले होते, "माझी हरकत आहे."

त्यावर लाथ.

सासूनं आपला पदर माझ्या तोंडात कोंबला आणि मला ऑटोत घालून ठाण्यात नेलं. साहेब म्हणाला, "पडली असशील." तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तो उठून उभा राहिला. "जी. जी, भैया." मग बसला.

"बाई, बाबूजीसाठी वरतून फोन आला. दिल्लीत त्यांची सरकार, मुंबईत त्यांची सरकार. तू कोनाकडे जाशील?"

सासूनं विचारलं, "मंग आमचं काय आहे, साहेब?"

तो हसला. बाहेर येऊन मी भिंतीवर डोकं आपटलं. सासूनं केस धरून मला मागं ओढलं. "डोकं फोडाचं तर त्याचं फोड," म्हणाली.

गोंदियात एक वकीलबाई होती, मूळची दवनीवाड्याची. तिला मी पहिलं हेच विचारलं. "मॅडम, मोठं कोण? दिल्ली का मुंबई?"

"दोघंही नाही," ती म्हणाली. "रेल्वे केंद्राची, पोलीस राज्याचे. कोणी काय करायचं ते संविधानानं वाटून दिलं. तुमची पंचायतही त्यातच आहे. दिल्लीनं मेहेरबानी केली म्हणून नाही. अन् कोणी हद्द ओलांडली तर विचारायला कोर्ट वेगळं ठेवलं."

"मग तसं चालतं का?"

तिनं कोरं वकीलपत्र माझ्यापुढं सरकवलं. "चालवावं लागते. लढून."

हे मी शाळेत घोकलं होतं. संघराज्य. केंद्रसूची, राज्यसूची. परीक्षेला यायचं. त्या उत्तरात माझं गाव बसलंय, हे कोणत्या गुरुजीनं सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, सरकार म्हणजे वरचे लोक, आणि त्यांच्या ताटात उरेल ते आपलं. बाबूजीची अख्खी ताकद याच समजुतीवर उभी होती. परत येताना गाडीत मला थंडी वाजल्यासारखं झालं. भीती नव्हती ती. राग होता.

वकीलबाईच्या अर्जावर कोर्टानं सांगितलं तेव्हा ठाण्यानं ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला. आणि मी पुन्हा ग्रामसभा बोलावली. विषय तोच.

बाबूजी माणसं घेऊन आला. लाठ्या होत्या. सासू सभेच्या दारात आडवी आली, तर तिच्या मनगटावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाबूजीनं माझी वेणी मुठीत धरली, मान मागं वाकवली.

"बोल, हरकत नहीं! बोल!"

मी त्याच्या हाताला चावले. तोंडात रक्त आलं, या वेळी त्याचं. तो ओरडला. तेव्हा बाया उठल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि घातल्या, डोक्यात, पाठीत, जिथं लागेल तिथं. ज्यांनी त्या दिवशी चपला शोधल्या होत्या, त्यातलेही काही धावले. लाठीवाले पळाले. बाबूजीला त्याच्या ड्रायव्हरनं गाडीत कोंबलं.

मी जमिनीवर बसले. "ज्यायची खदानीले हरकत आहे, त्यायनं हात वर करा."

सासूनं धड हात वर केला. मग हात येतच राहिले.

ग्रामसेवक म्हणाला, "साहेबाले विचारून लिहितो."

"इथं साहेब ग्रामसभा आहे. लिही."

त्यानं लिहिलं.

खदानीची मशीन आली नाही. सासूचं मनगट वाकडंच जुळलं, तिला घागर उचलता येत नाही. बाबूजीनं माझ्यावरही मारहाणीची केस टाकली. दोन्ही केसेसच्या तारखांना मी गोंदियाला जाते. समोरच्या बाकावर तो असतो. मी नजर हलवत नाही. परवा त्याचा भाऊ घरी आला. "आपसात मिटवून टाकू, वहिनी." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता ते पंचायतीचे मेंबर फोडून राहिले. अविश्वास आणतील. आणू द्या, सरपंचपद जाईल. पण ग्रामसभेत मी सरपंच म्हणून बसत नाही, या गावची मतदार म्हणून बसते. तिथून मला उठवायची ताकद बाबूजीत नाही, मुंबईत नाही, दिल्लीतही नाही. मी मरेपर्यंत त्या सभेत बसणार. आणि पुन्हा कोणी हात उगारला, तर तो मोडणार.