वंदनाच्या तेरवीला

शेगावला गाडीतून उतरलेले बहुतेक सगळे दर्शनाला निघाले होते. मी तेरवीला निघालो होतो. तेरवी म्हणजे आपल्याकडचा तेरावा. हा शब्द मला ज्या बाईनं शिकवला, तिचीच ती तेरवी होती.

वंदनाला मी कधी पाहिलं नव्हतं. मी गडहिंग्लज तालुक्यातला. आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. दूध संस्थेतली नोकरी सांभाळून, दूरशिक्षणानं परीक्षा दिल्या. त्या काळात इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा एक फेसबुक ग्रुप होता. तिथं शेगावजवळच्या वरवट बकाल गावातल्या एका सुनेनं विचारलं, "पानिपतावर मोठा प्रश्न येते काय?" मी लांबलचक उत्तर लिहिलं. तिनं त्यातल्या चुका काढल्या. पुढं अकरा वर्षं आम्ही भांडत राहिलो. सासर-माहेर धरून तीही पहिलीच पदवीधर. पिकं, पोरांच्या शाळा, सासूचे गुडघे, माझी बदली, सगळं त्या भांडणात येत गेलं. पहिली काही वर्षं ती मला दत्ताजी म्हणायची. मग एक दिवस "काऊन बे दत्ता, झोपला काय?" असं आलं आणि जी गेला तो गेलाच. फोनवर बोलणं मात्र कधीच झालं नाही. "सुनेचा फोन म्हंजे घरभराचा फोन," ती लिहायची. मीही आग्रह केला नाही.

मग तिच्या नंबरवरून मेसेज आला. "वंदना तापानं गेली. तेरवी गुरुवारी. रमेश." रमेश म्हणजे तिचा नवरा. हा मेसेज फोनमधल्या सगळ्या नंबरांना गेला होता की मुद्दाम मला, हे कळायला मार्ग नव्हता.

मला भीती एकाच गोष्टीची होती. परक्या जिल्ह्यातला परका पुरुष तिच्या दारात उभा राहिला आणि मांडवात कुजबुज सुरू झाली, तर उत्तर द्यायला ती कुठून येणार? जिवंतपणी तिच्या नावाला कधी बोल लागला नाही. तो माझ्या पायगुणानं तेरवीच्या दिवशी लागायला नको होता.

माझी बायको सुरेखा सगळं ओळखून होती. "मेसेज आलाय न्हवं? मग जावा," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं मात्र जाऊ नका. टॉवेल-टोपी न्या." आमच्याकडं दुःखाच्या घरी जाणारा कुणीही माणूस घरच्या कर्त्याला टॉवेल-टोपी देतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

स्टेशनाबाहेर एक कचोरी खाल्ली. ती गरम होती आणि आतला मसाला नाकात गेला. वंदनानं या कचोरीचं इतकं कौतुक लिहिलं होतं, की मी आमच्या मिसळीच्या बाजूनं दोन दिवस लढलो होतो. आता हार मान्य करावी, तर ऐकायला ती नव्हती. सुरेखासाठी आणखी एक पुडीत बांधून घेतली आणि वरवटच्या काळीपिवळीत (शेअर जीप, आमच्याकडचं वडाप) पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो.

"दर्शन झालं काय साहेब?" त्यानं विचारलं.

"नाही. वरवटला जायचंय."

"वरवटले कोनाकडं?" असं म्हणून त्यानं माझ्या पिशवीकडं पाहिलं. टोपीचं टोक बाहेर डोकावत होतं. "तेरवी हाय काय? कोन लागत होते तुमचे?"

"ओळखीचे," मी म्हणालो. अकरा वर्षांना तेवढाच शब्द सापडला, याची मला लाज वाटली.

शेगाव सुटलं की जमीन सपाट होते. काळी, भेगाळलेली, नजर पोचेल तिथवर कपाशी. वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या. उत्तरेला सातपुडा धुरकट निळ्या रेघेसारखा होता. आमच्याकडं डोंगर अंगावर येतात, इथं ते मान राखून लांब उभे राहतात.

पूर्णा नदीच्या पुलाच्या थोडं अलीकडं टायर पंक्चर झालं. ड्रायव्हर जॅक शोधायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. तेरवीला उशिरा पोचणाऱ्याकडं सगळा मांडव वळून पाहतो, आणि मला तर कोपऱ्यात गुपचूप बसायचं होतं. चैन पडेना, म्हणून रस्त्याकडेच्या हातपंपावर तोंड धुतलं आणि ओंजळभर पाणी प्यायलो.

"पिऊ नका बाप्पा!" मागच्या सीटवरचा म्हातारा ओरडला. "खारं हाय थे."

खरंच खारट होतं. पूर्णेच्या काठाचा हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. वंदना लिहायची, "आमच्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाई, पन मीठ वाचते." मला वाटायचं, वाढवून सांगते. मी आणखी एक ओंजळ प्यायलो. म्हाताऱ्यानं शेजारणीकडं बघून कपाळाला हात लावला.

वरवट बकाल मोठं गाव आहे. बाजाराच्या रस्त्यावर रमेशचं घर विचारलं. पानवाल्यानं लगेच सांगितलं, "वंदनाबाईची तेरवी न? सरळ जा, मांडव दिसतेच."

मांडवात पुरुष सतरंज्यांवर बसले होते, बायका आत. मधे घोंगडीवर मुंडन केलेला, पांढरा सदरा घातलेला सडसडीत माणूस. तोच रमेश. मागं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वरण उकळत होतं, बुंदीची परात झाकलेली होती. पंगतीची वेळ झाली होती तरी कुणी उठत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडं होत्या. त्यामुळं मी कोपऱ्यात गुपचूप बसायचा प्रश्नच उरला नाही.

"या पाव्हने," रमेशचे चुलते म्हणाले. मोठ्या मिशीचे, भरदार आवाजाचे. "उंद्रीहून आले काय?"

"नाही, गडहिंग्लजहून."

"थे कुठं आलं?"

"कोल्हापूरच्या पुढं."

"बापा! इतक्या दूरून? वंदनाचं तिकडं कोन हाय?"

उत्तर द्यायचं टाळून मी हातांना काम दिलं. सरळ रमेशपुढं गेलो, टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी उघडून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि हात जोडले. आमच्याकडं करतात तसंच.

सगळा मांडव माझ्याकडं वळला. वरण ढवळणाऱ्याचा हातसुद्धा थांबला.

"अरे," चुलते म्हणाले, "हे त भावाचं काम हाय!"

मग मला कळलं ते असं. या घरात बायको गेली की तेरवीला नवऱ्याला पहिलं कापड तिच्या माहेरचं. भावानं टोपी चढवायची, मग बाकीच्यांनी आपापली द्यायची, मग पंगत. वंदनाला सख्खा भाऊ नव्हता. माहेरच्या उंद्री गावाहून तिचा चुलतभाऊ येणार होता, सगळे सकाळपासून त्याचीच वाट बघत होते, आणि ती टोपी मी चढवून मोकळा झालो होतो.

"मंग तुम्ही वंदनाचे भाऊ लागता काय?" चुलत्यांनी विचारलं. आतल्या दारात बायकांची गर्दी झाली.

हो म्हणणं फार सोपं होतं. मानलेला भाऊ म्हटलं असतं तर कुणी पुढं विचारलं नसतं, तिचं नावही राहिलं असतं. पण आम्ही कधी भाऊ-बहीण नव्हतो. तिनं मला राखी पाठवली नव्हती, मी तिला ओवाळणी. आणि जी बाई माझ्या उत्तरातली सनावळीची चूक सोडत नव्हती, तिच्या मांडवात खोटं नातं सांगायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हणालो. "मी तिचा मित्र. आमची भेट कधी झाली नाही. फोनवर लिहायचो एकमेकांना. तुमची पद्धत मला ठाऊक नव्हती. चुकलं माझं."

चुलत्यांनी रमेशकडं पाहिलं. रमेशनं डोक्यावरची टोपी चाचपली आणि सारखी केली.

"काका, म्याच बलावलं त्यायले," तो म्हणाला. "थे बी.ए.वाले दत्ता हायत."

"हे थे दत्ता होय?" दारातून त्याची आई पुढं आली, गुडघ्यावर हात ठेवत. "व माय! तुमच्यापायी माही सून दोनदा भात करपवून बसली न! पास झाली तवा म्हने, दत्ताले पेढे धाडा. म्या म्हनलं, कोल्हापूरले पेढे जाईन तवर त्यायले बुरशी येईन. मंग तुमच्या नावाचे दोन म्याच खाल्ले."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. आतल्या बायका हसता हसता रडायला लागल्या.

"थे सारं ठीक, वहिनी," चुलते म्हणाले. "पन टोपीचं काय?"

"ठेवली थे ठेवली. आता काय उतरवता? लोकं भुके हायत, पंगत बसवा."

पंगत बसली. पोळी, आलू-वांग्याची भाजी, वरून सांभार (कोथिंबीर), वरण-भात, कढी, बुंदी. मला रमेशच्या शेजारचं पान मिळालं. बुंदी वाढायला आली तेवढ्यात उंद्रीचा चुलतभाऊ घामाघूम होऊन पोचला, हातात टोपी. बस चुकली होती बिचाऱ्याची. रमेशचं झाकलेलं डोकं बघून तो जागीच थांबला.

"माह्याआधी कोनं चढवली?"

"कोल्हापूरनं," चुलते म्हणाले. "तुह्यापेक्षा लांबून येऊन तुह्या आधी पोचले थे. बस आता जेवाले." मग त्याचीही टोपी रमेशनं घेतली, माझ्या टोपीवरच चढवली आणि तसाच, दोन टोप्यांनी, जेवला.

जेवणानंतर तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. मला राहवेना. "रमेशराव, एक विचारू? तुम्हाला कधी काही वाटलं नाही?"

"वाटलं न. काऊन नाई वाटनार?" तो सरळ म्हणाला. "पयल्या साली लय वाटलं. मंग म्हनलं, दाव बरं काय लिहितं. तिनं वाचून दावलं. तुम्ही दोघं पानिपतात कोन चुकलं त्याच्यावरून भांडून राह्यले होते. सारं ऐकता ऐकता मले झोप लागली." तो पहिल्यांदाच हसला. "त्याच्यानंतर रोज वाचे. म्या म्हनो, थो दत्ता हरला काय आज? मेसेज लय जनाईले करा लागले, दादा. पन पयला तुम्हाले केला."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्यावर खाली काय होतं ते मला परतीच्या काळीपिवळीत कळलं. पूर्णेचा पूल आला आणि मी रडायला लागलो. मेसेज आल्यापासून रडलो नव्हतो. कुणी कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो? शेजारी एक बाई पाटीभर मेथी घेऊन बसली होती. तिनं पाटी पायाशी घेऊन मला जागा करून दिली.

"कोन गेलं, भाऊ?"

"मैत्रीण," मी म्हणालो. "अकरा वर्षांची ओळख. भेट मात्र कधी झाली नाही."

"तेरवीले पोचले न?"

"पोचलो."

"मंग झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली, मला मोकळेपणानं रडता यावं म्हणून.

घरी आलो तेव्हा वडील अंगणात बसले होते. अंगठा उठवणारा माणूस, पण माझ्या पदवीच्या फोटोवरची धूळ रोज स्वतः पुसतो. "कोण होती रे ती बाई?" त्यांनी विचारलं. जाताना नुसतं 'बाहेरगावी जातो' म्हणून निघालो होतो, बाकीचं सुरेखानं सांगितलं असणार. आता शेजारी बसलो आणि सांगायला सुरुवात केली, पानिपतावरच्या तिच्या त्या पहिल्या प्रश्नापासून. सुरेखा चहा घेऊन आली तीही तिथंच टेकली. दोन टोप्यांपाशी पोचलो तेव्हा तिघंही हसत होतो, आणि वंदनाचं नाव आमच्या अंगणात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं घेतलं जात होतं.