रंगूबाईंच्या जावयानं तूप सोडलं

रेडकाचा दोर सोडताना शौनकच्या मनात फक्त करुणा होती. रेडकाच्या मनात काय होतं, ते मात्र त्यानं विचारात घेतलं नव्हतं.

उजाडायच्या सुमाराला तो गोठ्यात गेला. दावणीला चंद्री नावाची म्हैस रवंथ करत होती आणि हातभर अंतरावर खुंट्याला बांधलेलं तिचं रेडकू तिच्याकडे टक लावून बघत होतं. आईचं दूध आईसमोर उभं राहून नुसतं बघायचं, हा अन्याय शौनकला बघवेना. त्यानं दोर सोडला. रेडकानं धडका देत देत सगळी कास रिकामी केली. शौनकचे डोळे पाणावले. त्यानं फोटोसुद्धा काढला.

इथवर सगळं गोड होतं. मग जन्मात पहिल्यांदा पोट भरल्यामुळे रेडकाच्या अंगात वारं शिरलं. शेपूट उभी करून ते अंगणात धावलं. तिथे जुन्या लुगड्यावर दुसऱ्या उन्हासाठी कुरडया मांडून ठेवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या त्यानं तुडवल्या, तुळशीला दोन चकरा मारल्या आणि तेवढ्यात पोटानं तक्रार केल्यावर उरलेल्या निम्म्यांचाही निकाल लावला.

रंगूबाई, म्हणजे शौनकच्या सासूबाई, बादली घेऊन बाहेर आल्या त्या याच क्षणी. त्यांनी चंद्रीची पिळून वाळत टाकल्यासारखी कास बघितली, रेडकू बघितलं, कुरडया बघितल्या आणि शेवटी हातात दोराचं टोक धरून उभा असलेला जावई बघितला. आता जावयाला कसं बोलणार? त्यातून अधिक महिना. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. म्हणून त्यांनी जे बोलायचं ते रेडकाला बोलून घेतलं.

“मेल्या, एवढा शिकला-सवरलास, शहरात ऱ्हातोस, तुला येवढं कळू ने व्हय?”

रेडकू शाळेत गेलेलं नव्हतं. शौनकनं दोर हळूच खाली ठेवला.

शिराळ्याच्या अलीकडच्या त्या गावात रंगूबाईंना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्या दुधावर वाढला नाही असंही पोर नाही. नऊवारीचा काचा मारून स्कूटीवर बसायच्या, पुढे पायांशी दुधाची किटली, मागे पेंडीचं पोतं, आणि हॉर्नचा कारभार तोंडानंच. गावातल्या कुत्र्यांना आणि सरपंचांना एकाच आवाजात बाजूला व्हायला लावत. त्यांचे यजमान आप्पा एस.टी.त कंडक्टर होते आणि बोलण्याचा सगळा कोटा नोकरीतच संपवून निवृत्त झाले होते. त्यामुळे घरात दोघांचं बोलणं रंगूबाई एकट्याच बोलत. प्रश्नही त्याच विचारत, आप्पांच्या वतीनं उत्तरही त्याच देत, आणि कधी कधी ते उत्तर न पटून आप्पांशी भांडतही.

माणूस मोजायचं त्यांचं माप एकच होतं. किती शिकला, काय कमावतो, हे नंतर. पानात वाढलेल्या तुपाला नाही म्हणत नाही ना, हे आधी. लेकीला, मयूरीला बघायला शौनक साताऱ्याहून पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं पुरणपोळीवर तूप दोनदा मागून घेतलं होतं. रंगूबाईंनी तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं. पत्रिका वगैरे नंतर, भटजींचं मन राखायला बघितली.

आणि असा हा निवडून घेतलेला जावई गेल्या दिवाळीला आला तो व्हेगन होऊन.

त्या दिवशी झालेली चौकशी मयूरी अजून माहेरच्यांना नकला करून दाखवते. रंगूबाईंनी आधी विचारलं, माळ घातली का? नाही. मग उपास धरलाय? नाही. डॉक्टरनं सांगितलंय? नाही. शौनकनं समजावून सांगितलं, की जनावरापासून आलेलं काही म्हणजे काही खायचं नाही असं त्यानं स्वतःच, पूर्ण विचार करून ठरवलंय. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग फार वेळ विचार करून एक तोड काढली.

“दूध चालत न्हाई म्हनताय, तर मग मटान टाकू काय?”

त्यांचा हिशेब सरळ होता. शाकाहारी लोक दूध पितात, हा पितच नाही, म्हणजे तो त्या बाजूचा नसणार. मटणही चालत नाही म्हटल्यावर त्या खाली बसल्या. मग हा माणूस खातो तरी काय? शौनक उत्साहानं म्हणाला, भाकरी, आमटी, भाज्या, खर्डा, ठेचा, भात.

“मग ते तर आमी रोजच खातूय,” रंगूबाई म्हणाल्या. “त्येला नाव कशाला ठिवायचं?”

त्यानंतर त्यांनी आपल्या परीनं फार प्रयत्न केले. भाकरीच्या खालच्या बाजूला तूप लावलं, कारण खालची बाजू दिसत नाही. चहात चमचाभरच दूध घातलं, कारण चमचाभर म्हणजे काही दूध नव्हे. दोन्ही वेळा शौनकनं वासावरून ओळखलं आणि पान बाजूला सारलं. मग सासूबाईंची खात्री पटावी म्हणून एके दिवशी त्यानं शेंगदाणे भिजवले, मिक्सरमधून काढले, फडक्यातून गाळले आणि पांढरं पाणी भरलेला पेला त्यांच्या पुढ्यात ठेवून सांगितलं, की हे बघा आई, हे शेंगदाण्याचं दूध.

रंगूबाईंनी पेल्यात बघितलं. “भुईमूग कवा व्याला?” असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो पेला नेऊन चंद्रीच्या पेंड भिजवलेल्या आंबोणात ओतला. चंद्रीनं ते मिटक्या मारत खाल्लं. शौनकनं पुढे कित्येक दिवस हा आपला विजय मानला.

पण धोंड्याच्या जेवणाची गोष्ट वेगळी होती.

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून वाढायचे असतात. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. रंगूबाईंनी वर्षभर साय धरून, लोणी काढून, खास जावयासाठी तूप साठवलं होतं. त्या धोंड्यावर तुपाची धार पडून तो जावयाच्या तोंडात गेला नाही, तर वाण पोचत नाही अशी त्यांची समजूत. वाण पोचण्याचं एक वेळ देव बघून घेईल, पण भावकी होती. निम्म्या गावाला तूप पुरवणाऱ्या रंगीचं तूप तिच्याच जावयानं परत केलं, हे वाक्य पुढच्या अधिकापर्यंत गावाला पुरलं असतं.

इकडे शौनकचीही पंचाईत होती. साताऱ्यात त्यानं दूध-तूप सोडलेल्यांचा एक गट काढला होता. गटात तो, वल्लरी नावाची एक मैत्रीण आणि तिसरा एक गृहस्थ होता जो गुरुवारी पनीर खायचा. या दोघांना शौनकनं शब्द दिला होता, की सासुरवाडीला जाऊन येतो, पण तुपाचा थेंब घेणार नाही. सासूबाईंना दुखवायचंही नाही. ही दोन्ही कामं एकाच पानावर कशी करायची, याचा विचार करायला तो पहाटे उठून गोठ्यात गेला होता, आणि त्या विचाराचं काय झालं ते आपण बघितलंच.

दुपारी पंगत बसली. रंगूबाईंचा धाकटा भाऊ जयराजमामा शौनकच्या बरोब्बर समोर बसला. मामा टेम्पो चालवायचा आणि सकाळची रेडकाची हकिकत कळल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखं तेज आलं होतं. जावई तूप खात नाहीत म्हणजे टेम्पो डिझेल पीत नाही म्हटल्यासारखं झालं, असं त्यानं बसता बसताच सांगून टाकलं. मग रेडकाला जुलाबाचं औषध पाजलं का, आणि जावयांना कुरडया तळून वाढणार का, अशा चौकशा केल्या. मामाच्या शेजारी चुलत आजेसासू बनुबाई होत्या. त्यांना ऐकू कमी येत असे, पण तूप वाढल्याचा आवाज बरोबर येई.

पानात धोंडा आला. फुगीर, गरम, अजून वाफा निघणारा. मागोमाग तुपाची कासंडी घेऊन रंगूबाई आल्या. त्यांनी पळी भरली आणि शौनकच्या पानावर धरली.

शौनकनं पानावर हात आडवा धरला.

आप्पांनी घास तोंडाशी नेऊन तिथेच थांबवला. मयूरीनं नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला, पण तो हो म्हणायला की नाही म्हणायला, हे त्याला कळेना.

“पावनं, हात काडा,” जयराजमामा म्हणाला. “हातावर धार पडली तर चाटावं लागंल.”

सगळे हसले. शौनकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं घसा खाकरून, म्हशीचं दूध हे मुळात कोणासाठी असतं, असं भाषण सुरू केलं. पण सकाळी ज्याच्यासाठी ते असतं, त्यानं त्याचं काय केलं हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हशा आणखीच वाढला. रंगूबाईंचा हात तसाच वर. पळीच्या कडेला तुपाचा एक थेंब पडू की नको असा लोंबत होता. त्या हसत नव्हत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, मग जावयाच्या आडव्या हाताकडे बघितलं, आणि पळी परत कासंडीत ठेवली.

“हसू नगासा,” त्या म्हणाल्या. “त्येंनी सोडलंय.”

“कुनाला सोडलंय?” मामानं विचारलं.

“ज्योतिबाला.”

हसणं जागच्या जागी विरलं. जयराजमामानं डोईवरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “मग आक्का, ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय गं? मी आपला कवाधरनं बडबडतोय.” ज्या गावात काशीला जाऊन आलेली माणसं आवडती भाजी सोडतात, माळ घातलेली मटण सोडतात आणि चातुर्मासात कांदा-वांग्याकडे कोणी बघत नाही, त्या गावाला सोडणं उत्तम कळत होतं. फक्त ते कुणाला तरी सोडलेलं असावं लागतं, एवढंच. आपण आपलं असंच सोडायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठून जाण्यासारखं.

शौनक तोंड उघडून काही सांगणार, इतक्यात बनुबाईंना कोणीतरी कानात सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावून विचारलं, “कशापायी सोडलंय, रंगू?”

रंगूबाईंनी मयूरीकडे बघितलं.

“नातवंडापायी.”

मयूरीला पुरणाचा ठसका लागला. तो थांबेपर्यंत बनुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कडकडा बोटं मोडली आणि होईल गं बाई, होईल, असा आशीर्वादही देऊन ठेवला. जयराजमामानं तर ताबाच घेतला. जावयाला कोणी तुपाचा आग्रह करायचा नाही अशी ताकीद त्यानं पंगतीला दिली. मग धोंडा काय कोरडा खायचा? नारळ देवाचा, नारळ चालतो, असा निवाडा बनुबाईंनी दिला आणि मामा स्वतः उठून नारळ फोडायला गेला. नारळाचा रस धोंड्यावर पडला. शौनकनं घास घेतला आणि त्याला तो खरोखरच आवडला. तेवढ्यानं भागलं नाही. तुपाची कसर भरून निघायला नको का, म्हणून मामानं एकामागून एक धोंडे त्याच्या पानात टाकले. विष्णूला शेवटी भिंत धरून उठावं लागलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लोक दारावरून जाताना शौनककडे बघून हात जोडू लागले. शेजारच्या एका बाईंनी मयूरीची ओटी भरली. चार वाजता तर बनुबाईंचा नातू गाभण राहत नसलेली म्हैस घेऊन दारात उभा राहिला, की पावण्यांनी नुसता हात ठेवावा. शौनकनं तिला नीट खाऊ-पिऊ घाला आणि डॉक्टरांना दाखवा असं सांगितलं. नातवानं ते अंगारा घेतल्यासारखं ऐकून घेतलं. हात ठेवल्याशिवाय काही तो हलेना. शेवटी शौनकनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हशीनं शेपटीनं त्याच्या तोंडावर एक फटका दिला आणि नातू म्हणाला, गुण आला.

सात वाजताची एस.टी. होती. मयूरी बनुबाईंचा निरोप घ्यायला गेली होती, आणि रंगूबाई जावयाला स्कूटीवर मागे बसवून फाट्यावर घेऊन आल्या होत्या. पोटातले धोंडे आणि रस्त्यातले खड्डे यांची गाठ पडून शौनकचा चेहरा कसनुसा झाला होता, पण मन भरून आलं होतं. या बाईनं भरल्या पंगतीत आपली बाजू घेतली होती. वर्षभराचं तूप कासंडीत परत ठेवलं होतं. आपल्या तत्त्वापुढे तिनं स्वतःची हौस मागे घेतली, असं वाटून त्याला बोलल्याशिवाय राहवेना. तो म्हणाला, की आई, तुम्ही माझं मन ओळखलंत, हे मी जन्मात विसरणार नाही.

रंगूबाईंनी पदरानं स्कूटीचा आरसा पुसला.

मग हळूहळू शौनकच्या डोक्यात एक विचार उगवायला लागला. नवस म्हटला म्हणजे तो फिटतो. फिटला म्हणजे सोडलेलं परत धरायचं असतं, तेही गुलाल उधळून, सगळ्या भावकीच्या देखत.

“पण आई,” तो सावकाश म्हणाला, “उद्या नातवंड झालं, तर मला सगळ्यांसमोर तूप खावंच लागेल की.”

“मग? मी पंगतीत सांगितलं कशाला?”