धवलारीण टूरला गेली

माझी बहीण गेली ही बातमी मला घरच्या माणसाने दिली नाही, गिटार वाजवणाऱ्या पोराने दिली. सकाळी सात वाजता मी रोडपालीच्या घरी ओट्यावर दात घाशीत होतो. फोन वाजला आणि तो निखिल म्हणाला, "काका, आजी गेल्या." मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुला आधी कसं कळलं. माणूस गेल्यावर हा विचारायचा प्रश्न नाही, एवढं मला समजतं. पण तोंडातून तोच निघाला. "मीच गाडी चालवत होतो काका. दत्तूदादांनी पहाटे बोलावलं." दत्तू म्हणजे बहिणीचा मुलगा, माझा सख्खा भाचा. आता तुम्हीच बघा, ती राहायची त्या ओवे गावातून रोडपाली किती लांब? माझ्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. आणि भाचा दवाखान्यात न्यायला खांदा कॉलनीतल्या परक्या पोराला उठवतो. तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. मी प्रेताला खांदा दिला तोही त्या पोरांच्या तोंडाकडे बघत, की कोण किती रडतो आणि खरं रडतो का.

तिचं नाव धर्मीबाय. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, मी तिला नुसतं बाय म्हणायचो. ती धवलारीण होती. वाचणाऱ्यांत बाहेरचे लोक असतील म्हणून सांगतो, आमच्या आगरी लग्नात हळदीपासून मांडव सुटेपर्यंत जे विधी होतात ते गाण्यातून होतात. त्या गाण्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. भटजी नंतर आले. आधी लग्न तीच लावायची. धवल्यात देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, मग नवरा-नवरीचं नाव घेऊन एकेक विधी पुढे न्यायचा. हे कागदावर कुठे नाही, सगळं पाठ. बायने ते तिच्या सासूकडून घेतलं, आणि एकटीने गायलेला तिचा पहिला धवला माझ्या लग्नातला. तेव्हा ती पंचविशीची असेल. त्यानंतर ओवे, रोडपाली, पेंधर, तळोजे, सगळीकडे तिने किती लग्नं लावली त्याला गणती नाही. मी मिठागरात होतो, मग डंपर चालवला, मग जमिनी गेल्या आणि घरी बसलो. ती मात्र कधी बसली नाही. लग्नसराईत तिला पाच-पाच दिवस घर दिसायचं नाही आणि घसा बसला की खडीसाखर चघळत पुढच्या मांडवात.

तो निखिल तिला असाच एका हळदीत भेटला. नवऱ्या मुलाचा कॉलेजातला दोस्त म्हणून आला होता. सगळी पोरं डीजेवर नाचत होती आणि हा एकटा मोबाइल धरून बायसमोर मांडी घालून बसलेला. मी बघितलं. जवळ जाऊन विचारलं, "काय टिपतंस?" म्हणाला, "काका, असं मी कधी ऐकलंच नाही." जो माणूस कधी ऐकलं नाही म्हणतो तो पुढे काहीतरी मागतो, हा माझा अनुभव आहे. आणि तसंच झालं. दोन महिन्यांनी कळलं की या पोरांचा रॉक बॅन्ड आहे आणि त्यांच्या नव्या अल्बममध्ये बायचं एक गाणं आहे. बॅन्डचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांची जाहिरात मी का करू? मग कळलं की अल्बमसाठी टूर आहे, आठ गावं, आणि बाय त्यांच्याबरोबर चाललीय. सत्तरी उलटलेली बाई. पुणे, नाशिक, कोल्हापूर, थेट नागपूर, बंगळूर.

मी ओव्याला गेलो आणि तिला सरळ बोललो, की धवला मांडवात गातात, तिकीट काढून आलेल्या पोरांना नाचायला गात नाहीत. देव बोलावतेस त्यात, देवांना काय स्टेज दाखवणार? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गला माजा हाय. तुज्या सातबाऱ्यावर चढलाय का?" मी म्हणालो, ते तुझी गाणी नेतील आणि तुला सोडून देतील. ती म्हणाली, "नेऊं देत की. हितं कोन न्यायला उभा हाय? तुजी सून शिकते का? माजी तरी शिकते का?" दत्तूची बायको सुनंदा तिथेच चहा ओतत होती, तिने कप माझ्यापुढे आदळला. मी चहा न पिता उठलो.

संशय आला की मी तपास केल्याशिवाय राहत नाही. कळंबोलीला एका गाळ्यात त्यांचा सराव चालायचा तिथे मी न सांगता जाऊन उभा राहिलो. आत भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. विचारलं हे काय, तर म्हणे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज बाहेर जाऊ नये अशी सोय जो करतो त्याच्या मनात काय असणार, हे मला सांगायला नको. बाय मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, नऊवारी, कपाळाला बंदा रुपयाएवढं कुंकू आणि कानांवर ते काळे हेडफोन. ढोल वाजवणाऱ्या केस कापलेल्या पोरीला ती ओरडत होती, "हलू गं बाय. नवरी चालत येते, पलत नाय." ती पोरगी हसली आणि हळू वाजवायला लागली. मग मोठी गिटार वाजली तशी माझ्या छातीत धडधडलं आणि मी बाहेर आलो. बायने मला बघितलं होतं. बोलावलं नाही.

टूर चालू असताना दत्तू मला फोनवर खबरा द्यायचा. मी विचारायचो नाही, तो आपणहून सांगायचा. म्हणे स्टेजवर चार बांबू उभे करून उंबराची फांदी बांधल्याशिवाय आई तोंड उघडत नाही. कोल्हापुरात उंबर लगेच मिळाला, नागपुरात ऊन डोक्यावर घेऊन पोरं उंबर शोधत फिरली, बंगळूरला कोणाला उंबर समजावून सांगता येईना, शेवटी फोटो दाखवला. बाय टेंपो ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसायची आणि नदी आली की गाडी थांबवून नाणं टाकायची, आणि मग मागे बसलेल्या सगळ्यांना टाकायला लावायची. हे ऐकून मला हसू आलं होतं. पण दत्तूला मी एवढंच म्हणालो, "म्हाताऱ्या बाईला एवढं फिरवतात, तब्येतीचं कोण बघणार?" तो म्हणाला, "मामा, ती जेवते माझ्यापेक्षा जास्त."

शेवटचा कार्यक्रम पनवेलला होता, मैदानावर. दत्तूने पास आणून दिला. मी गेलो, पण आत नाही गेलो. गेटाच्या बाहेर उसाच्या रसाची गाडी असते तिथे उभा राहिलो, कोण कोण आत जातं ते बघायला. फाटक्या पँटीची पोरं, हातावर चित्रं काढलेल्या पोरी. स्पीकर सगळे पलीकडे तोंड करून, मागच्या बाजूला नुसता धम धम येत होता, शब्द एक कळत नव्हता. मग एकदम सगळं मैदान ओरडायला लागलं, आजी, आजी. बाय आली असणार. तिचा बोलण्याचा आवाज आला, गाण्याचा नव्हे, चार-दोन वाक्यं असतील. आणि त्यावर हजारभर माणसं मोठ्याने हसली. माझ्या बहिणीला... ज्या बाईच्या पाया पडून नवरदेव बोहल्यावर चढतो तिला. रसाचा ग्लास तसाच ठेवून मी रिक्षा केली आणि घरी आलो. पास खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओव्याला गेलो. ती ओट्यावर पाय सोडून बसली होती, पाय सुजलेले, पण तोंडावर असा उजेड की जणू तिचंच लग्न झालंय. म्हणाली, "आलास? बस." मी उभ्यानेच म्हणालो, "लोक तुला हसत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं." तिने माझ्याकडे बघितलं. "गानं आयकलंस?" मी म्हणालो, "गाणं कशाला ऐकायला पाहिजे? हसणं ऐकलं तेवढं पुरे. आपल्या घराण्याचं हसं केलंस तू." ती ओट्यावरून उठत म्हणाली, "मंग नाय आयकलंस तू," आणि आत गेली. हे आमचं शेवटचं बोलणं. तीन आठवड्यांनी निखिलचा फोन आला.

दहाव्याला मी दत्तूला बाजूला घेतलं. मला का नाही बोलावलंस? तो म्हणाला, "मामा, तुमी बोलत नव्हते ना तिच्याशी. तुमी गाडीत आधी भांडला असता." दवाखान्याचे कागद मी माझ्या धाकट्याला वाचायला लावले. हृदयाचं दुखणं होतं, जुनं होतं, गोळ्या पाच वर्षांपासून चालू. टूरचं त्यात काही निघालं नाही. तरी मला चैन पडेना. आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो. या पोरांनी तिला फसवलं असेल, तर मी तिला जे बोललो ते बरोबर ठरत होतं. म्हणून त्यांनी फसवलेलं निघावं अशीच माझी इच्छा होती.

तेरावं झालं आणि मी खांदा कॉलनीत त्या निखिलच्या घरी गेलो. चौथा मजला. बाप नोकरदार माणूस, त्याने उठून खुर्ची दिली. आई पोहे करायला लागली. मी म्हणालो, पोहे नकोत, माझ्या बहिणीची गाणी तुमच्याकडे जेवढी आहेत तेवढी दाखवा. पोराने हरकत घेतली नाही, याचाही मला संशय आला. त्याने कॉम्प्युटर उघडला. म्हणाला, "काका, आजींनी आम्हाला सगळा धवला दिलाच नाही. म्हणाल्या, लग्नाशिवाय सगळा गायचा नसतो. एकच तुकडा दिला, नवऱ्याला मांडवात बोलावतात तो. आणि त्यात बिनलग्नाच्या कोणाचं नाव घालायचं नाही, ते बांधलं जातं म्हणे. ज्यांचं लग्न होऊन गेलंय त्यांचंच घालायचं." मी म्हणालो, "लाव."

आधी ती मोठी गिटार. मग ढोल, हळू, नवरी चालत यावी तसा. मग बाय. देव आले, पितर आले, आमच्या आई-बापाचं नाव आलं आणि मग तिने नवरदेवाचं नाव घेतलं, माझं. नामदेव. नवरीचं नाव चांगुणा. माझ्या बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं, तिला सगळं गाव लक्ष्मी म्हणून ओळखायचं, तिच्या मुलांनासुद्धा दुसरं नाव नीट माहीत नाही. चांगुणा हे नाव मी लग्नाच्या दिवसानंतर कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं... मी पोराला थांबवलं. विचारलं, हे नामदेव कोण माहीत आहे का तुला? तो खाली बघून म्हणाला, "माहीत आहे काका. त्या प्रत्येक ठिकाणी गाण्याआधी सांगायच्या. पनवेलचा व्हिडिओ आहे माझ्याकडे."

आणि त्याने तो दाखवला. उंबराच्या फांदीखाली बाय उभी. हातात माईक असा धरलेला जसा मुसळ धरावं. ती म्हणते, "हे माज्या भावाचं लगीन हाय. त्याला लग्नात मोठा वाजाप पायजे होता, लाल कोटवाला बॅन्ड. बापानं आनला नाय, म्हनून हा रुसला नि मांडवात येईना. अजून रुसलेलाच हाय. मी आनलाय त्याच्यासाठी वाजाप. उशीर झाला, पन मोठा हाय का नाय बगा." आणि लोक हसले. तेच हसणं. तिला नव्हते हसत, मला हसत होते. आणि आठ गावांत हसले, बंगळूरसकट. हे रुसण्याचं मी आतापर्यंत लिहिलं नव्हतं, कारण ते मिरवण्यासारखं नाही. पण खरं आहे. मी गोठ्यामागे जाऊन बसलो होतो आणि बाप काठी घेऊन शोधत होता. बायने मला बघितलं होतं. बापाला तिने सांगितलं नाही. ती मांडवात बसून माझं नाव घेऊन गात राहिली, पुढचा विधी अडवून, मी आपल्या पायांनी येईपर्यंत. निखिलच्या आईने पोहे आणून ठेवले होते, ते मी खाल्ले.

माझा संशय पार गेला असं कोणी समजू नये. तिने माझं नाव घातलं ते मायेने की मला आठ गावांत वाकवायला, हे अजून माझ्याने ठरत नाही. तिला विचारता आलं असतं. त्या सकाळी ती बस म्हणाली होती, मी बसलो असतो तर तिने आपणहून सांगितलं असतं. एवढं एक मात्र ठरलं आहे. कोणी फसवलं असेल तिला, तर ते त्या पोरांनी नाही.

आता मार्गशीर्षात माझ्या नातीचं लग्न आहे, आणि धवला सुनंदा गाणार आहे. सासू गेल्यावर तिला जाग आली. सासूच्या मागे बसून कानावर पडलेलं तिला बरंच येतं, अडलं की निखिलकडचा तो एक तुकडा लावते आणि त्याच्या चालीवर बाकीचं जुळवते. मी रविवारी ओव्याला जातो. बरोबर म्हणते की नाही ते बघायला जातो, माझा तिच्यावर भरवसा नाही. मी बाहेर बसतो, ती आत भाकऱ्या थापता थापता म्हणत असते. नवऱ्याच्या जागी ती नामदेव म्हणते आणि नवरीच्या जागी चांगुणा, कारण तिला ते तसंच पाठ झालंय. मागच्या रविवारी दारात येऊन, पिठाच्या हातांनी डोकं खाजवत म्हणाली, "मामा, आता नावं बदलायला लागतील ना? पोरीचं नि जावयाचं घालते."

मी म्हणालो, "घाल की. पण घाई काय आहे, लग्नाला अजून दोन महिने आहेत."