लाल सिलिंडर आणि आशाबाईंची झोळी

आशाबाई गावंडे कामावर आल्या की आधी वॉर्डाच्या दारातल्या चपला ओळीनं लावत, मग बाळंतिणींकडे बघत. अमरावतीच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसूती वॉर्डात आया म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. सकाळी तिवशाहून एसटी, संध्याकाळी परतीची एसटी आणि मधल्या वेळात दहा खाटांचं राज्य. नवा डॉक्टरसुद्धा पहिले आठ दिवस आशाबाईंना विचारून खुर्चीवर बसतो, असं लोक म्हणत. लोक जरा वाढवून सांगतात, पण फार नाही.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात दवाखान्यानं सुरक्षेचं काम बघायला अमोल तायडे नावाचा अकोल्याचा तरुण इंजिनिअर नेमला. त्यानं प्रत्येक वॉर्डात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगला आणि प्रत्येक सिलिंडरची जबाबदारी एकेका माणसावर टाकली. प्रसूती वॉर्डासाठी तिथल्या मुख्य परिचारिकेनं, रागिणी सिस्टरांनी, आशाबाईंचं नाव दिलं. अमोलनं त्यांना शिकवलं: आधी पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची.

"झाडू मारनं शिकवू नका साहेब," आशाबाई म्हणाल्या. "बाकीचं पुन्हा एकडाव सांगा."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कूस बदलताना देव आठवतो. तिला 'पळ' म्हणून कोण सांगणार? आणि तिच्या बाळाला कोण उचलणार? हा घोर आशाबाईंच्या जिवाला जो लागला तो लागलाच. एसटीत खिडकीशी बसूनही त्या मनातल्या मनात खाटा रिकाम्या करत असत.

मग आली खंडेनवमी. तिवशाला घरी त्यांचे यजमान खुशालराव विळे, कुऱ्हाड, वखर धुऊन पुजतात. ज्याच्यावर आपलं पोट, त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहायचं, ही रीत. वॉर्डातही आशाबाई दरवर्षी बाळांचा वजनकाटा आणि औषधांची ट्रॉली पुजत. त्या वर्षी त्यांनी लाल सिलिंडरही पुसून लख्ख केला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि दांड्यासकट पिनीला पूजेच्या लाल नाड्याचे पाच वेढे देऊन चांगली करकचून गाठ मारली. भेटायला येणाऱ्यांची पोरं ती पिन ओढून बघत, तेही थांबेल असा त्यांचा हिशेब होता. देवाचंही झालं आणि पोरांचाही बंदोबस्त झाला.

आठच दिवसांनी आगीचा सराव ठरला. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ट्रस्टची माणसं, सगळे जिन्यात उभे. भोंगा वाजला. आशाबाई पदर खोचून धावल्या, सिलिंडर उतरवला, पिनीला हात घातला. पिन हलेना. रोजच्या पुसायच्या ओल्या फडक्यानं आणि कुंकवानं नाडा आवळून दगड झाला होता. त्यांनी नखं लावली, मग दात लावले. सगळे बघत होते. अमोलनं घड्याळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, राहू द्या. वॉर्ड जळाला."

कोणीतरी फिसकन हसलं. आशाबाईंच्या ओठाला कुंकू लागलं होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

अमोल रागावला नाही, पण दुसऱ्या दिवशी सिलिंडरची जबाबदारी वर्षाली नावाच्या नव्या नर्सकडे गेली. आशाबाईंनी मान डोलावली. त्या संध्याकाळी घरी मात्र त्यांनी भाकरी थापता थापता हात थांबवला.

"आपल्या हातानं वॉर्ड जाळला मी," त्या खुशालरावांना म्हणाल्या. "दहा बाया अन् दहा लेकरं."

खुशालराव मोजकं बोलणारे. "खोटी आग होती ना? मंग? उद्या रजा टाक अन् कापूस वेचायले चाल. डोक्शाले हवा लागन."

त्यांना वाटलं, बायकोचं मन रमेल. आशाबाईंनीही कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि पहिल्या वेचणीला उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी बोंडं वेचायची आणि झोळीत टाकायची, लहानपणापासूनचं काम. अर्ध्या तासात झोळी भरून पोटाशी आली आणि त्या मधेच थबकल्या. एवढं वजन अंगावर, आणि दोन्ही हात मोकळे!

"काहून थांबली व?" खुशालरावांनी विचारलं.

"घरी शिलाई मशीन हाये ना अजून?" एवढंच त्या बोलल्या, आणि कापसाची ओळ अर्धवट टाकून घराकडे निघाल्या.

तीन जुनी लुगडी फाटली तेव्हा कुठे झोळी मनासारखी झाली. पहिल्या झोळीत त्यांनी बाळं म्हणून ज्वारीच्या पिठाच्या चार पुरचुंड्या ठेवून बघितल्या, तर वरची खालचीच्या नाकावर बसत होती. पिठाला नाक नसतं, पण आशाबाईंना ते दिसत होतं. म्हणून त्यांनी चार वेगळे खिसे शिवले, दोन समोर आणि एकेक दोन्ही कुशींना, मानेशी जाड घडी दिलेले, बाळाचं तोंड उघडं राहील असे. चार खिसे चार रंगांचे, म्हणजे कोणाचं लेकरू कोणत्या खिशात ते चुकायला नको. वजन खांद्यांवर यावं म्हणून वरून पट्टे लावले. हे सगळं त्यांनी भीतभीतच रागिणी सिस्टरांना दाखवलं, कारण एकदा हसं झालेलं माणूस दुसऱ्यांदा पुढे यायला धजत नाही.

सिस्टरांनी अमोलला बोलावलं. त्यानं पुरचुंड्या भरून झोळी स्वतः अंगात घातली आणि तीनदा जिन्याची चढउतार केली. मग घाम पुसत म्हणाला, "मावशी, हे आमच्या कागदात कुठंच नव्हतं. आता लिहितो." तेव्हापासून झोळी सिलिंडरशेजारच्या खुंटीवर टांगलेली असे, आणि महिन्यातून एकदा आशाबाई पीठ घेऊन जिना उतरत. नर्स पोरी हसत. आशाबाई म्हणत, "हासा, पन आंगावर घालून पाहा."

एप्रिलात ऊन तापलं आणि थंडीभर कोपऱ्यात पडलेला कूलर कोणीतरी पाणी न भरताच सुरू केला. दुपारी मोटर ठिणगी टाकून बसली आणि वाळलेल्या गवताच्या ताट्यांनी पेट घेतला. बघता बघता वॉर्डात काळा धूर पसरला.

वर्षाली धावली. तिनं कूलरचं बटण बंद केलं, पिन ओढली. पिन एका झटक्यात निघाली. रागिणी सिस्टरांनी माणसं हाकारली आणि चौघे चौघे मिळून एकेका बाईला चादरीत उचलू लागले. चालू शकणाऱ्या बाळंतिणी आपापली बाळं घेऊन बाहेर पडल्या. राहिली चार बाळं, चारही सिझरवाल्यांची. आशाबाईंनी झोळी अंगात घातली, तीन खिसे भरले. चौथं बाळ रमाचं. ती शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागवाल्यांची सून. आदल्याच दिवशी तिला मुलगी झाली होती. ती पोरीला छातीशी धरून बसली आणि सोडेना.

"मी नाही देत! मीच नेते तिला!"

"रमा, इकडं पाह माह्याकडं." आशाबाई तिच्या तोंडाशी वाकल्या. "चादरीत तुले हिसके बसतीन, पोरगी हातून सुटन. हा जांभळा खिसा तुह्या पोरीचा. खाली तुले याच खिशातून देईन."

रमानं त्यांच्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं आणि हात सैल केले.

आशाबाई निघाल्या. एक हात कठड्यावर, दुसरा चार चिमुकल्या डोक्यांपुढे आडवा. पायऱ्या त्यांना डोळे मिटूनही पाठ होत्या. मधल्या वळणावर गुडघ्यात कळ आली, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आता नाई बापा, खाली गेल्यावर दुख." खाली अंगणातल्या कडुनिंबाखाली पोचल्यावरच त्या टेकल्या. वर वर्षालीनं तोवर आग विझवली होती. कोणालाही इजा झाली नव्हती.

चादरीतून रमाला आणलं तेव्हा तिनं आधी दोन्ही हात पुढे केले. आशाबाईंनी जांभळ्या खिशातून पोरीला काढलं, तिच्या मनगटावरची आईच्या नावाची पट्टी रागिणी सिस्टरांना वाचायला लावली आणि पोरगी रमाच्या कुशीत ठेवली. पोरगी झोपलेली होती. तेव्हा कुठे आशाबाई रडल्या, चांगल्या हुंदके देऊन, आणि त्यांना कोणी थांबवलं नाही.

यंदाची खंडेनवमी आशाबाईंची नोकरीतली शेवटची. महिन्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांनी वजनकाटा पुजला, झोळी पुजली, लाल सिलिंडरच्या पार बुडाशी कुंकवाचं एक बोट टेकवलं. हार नाही, काही नाही. मग पिशवीतून लाल नाडा काढला. अमोल दारातच उभा होता, तो दोन पावलं पुढे आला.

"मावशी..."

"भेऊ नका साहेब," आशाबाई म्हणाल्या. त्यांनी वर्षालीला जवळ बोलावलं, तिचा उजवा हात धरला आणि मनगटावर नाड्याचे पाच वेढे दिले. "पिनीले नाई बांधत आता. पिन ओढते त्या हाताले बांधाव."