नाय आला!

कंपन्या माणसांना फसवण्यासाठीच काढलेल्या असतात आणि त्यातली एखादी चुकून काही माल बनवते, असं आमच्या समोरच्या घरातल्या चाचांचं ठाम मत होतं. तरुणपणी एका एजंटाने त्यांना वायरमन म्हणून आखातात नेलं आणि विमानातून उतरल्याबरोबर सिमेंटच्या गोण्या उचलायला लावल्या. गोण्या कधीच उतरल्या, संशय मात्र चाचांनी पेणला परत आणला. आमच्या आळीतलं कुणीही रोह्याला मुलाखतीला निघालं की न बोलावता चाचा बरोबर जात. कंपनी उमेदवाराची परीक्षा घेई आणि चाचा गेटसमोरच्या टपरीवर बसून कंपनीची घेत. "शिफ्ट सुटल्यावर मान्सं बोलत बाहेर आली तं कंपनी बरी. गप आली तं पोराला घेऊन सरळ स्टेशन." उमेदवार बाहेर आला की काय विचारलं, पगार किती, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, "पानी दिलं काय?" साहेब हसून बोलला असं कुणी सांगितलं तर त्यांचा चेहरा काळजीने उतरे. "हसला? मंग नाय घेनार." एकदा तर ते थेट आत गेले आणि साहेबाला म्हणाले, "तुम्ही पोराची चौकशी करता, बरोबर हाय. आता तुमच्याकडनं सोडून गेलेल्या दोन मान्सांचे नंबर आमाला द्या." ती नोकरी अर्थातच गेली. तो मुलगा पुढे वर्षभर चाचांशी बोलला नाही. चाचांचं म्हणणं एवढंच, की नंबर दिले नाहीत यातच सगळं आलं.

पण त्यांचा खरा वैरी होता एक शब्द: 'कळवतो'. "मास्तर," ते मला म्हणत, "नाय म्हनायला हिंमत लागते. कळवतो म्हनजे मान्साला खुंटीला टांगायचं आनि आपन जेवायला जायचं." म्हणून ते लोकांसाठी नकार मिळवून आणत. नोकरी मिळवून देणारे पुष्कळ पाहिले, नकार मिळवून देणारा हा एकच.

माझी धाकटी, सुजाता, रसायनशास्त्र शिकून रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेच्या जागेसाठी गेली. सकाळी बोलावलेल्या मुलीला दुपार उलटेपर्यंत बाहेर बसवलं. आत साहेबाने मोबाइलमधून मान वर न करता लग्नाचा विचार काय, एवढं विचारलं आणि म्हणाला, कळवतो. त्याच आठवड्यात पेणच्या एका शाळेने तिला विज्ञान शिकवायला बोलावलं, पण शनिवारपर्यंत होकार हवा होता. सुजाता ऐकेना. "बाबा, ते कळवतो म्हणालेत ना!" फोन उशाशी घेऊन झोपायची, आंघोळीला जाताना तो आईच्या हातात द्यायची. शाळेची जागा डोळ्यांदेखत चालली होती आणि मला तिला काही सांगण्याचा धीर होत नव्हता.

शुक्रवारी सकाळी चाचा डबा घेऊन एकटेच रोह्याच्या गाडीत बसले. पुढचं त्यांनीच सांगितलेलं. वॉचमनने विचारलं, "काय पायजे?"

"उत्तर."

"साहेब बिझी हायत. उद्या या."

"मी बसतो. तू तुजं काम कर."

त्यांनी ऑफिसच्या दारातच डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याचा वास ऑफिसभर पसरला, तेव्हा कुठे साहेब बाहेर आला. त्याने सांगितलं की जागा आधीच भरली होती, मुलाखती केवळ नियमापुरत्या घेतल्या. संध्याकाळी चाचा पेढ्यांचा पुडा नाचवत आमच्या दारात उभे. "मुबारक गो पोरी! कंपनीचा 'नाय' आला!"

सुजाता रडली. "तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं?" असं त्यांच्यावर ओरडली. चाचांनी पुडा तसाच पुढे धरला. मग तिने डोळे पुसत एक पेढा उचलला आणि शनिवारी शाळेत जाऊन होकार दिला. आजही ती तिथेच शिकवते.

या वर्षी चाचा आजारी पडले. त्यांचा आखातातला मुलगा फोनवरून सगळं ठीक होईल म्हणायचा. इस्पितळात डॉक्टर कॉटच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "रिपोर्ट बघून कळवतो." ते गेल्यावर चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ह्यो पन?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सुजाता मात्र उठून डॉक्टरांच्या मागे गेली. बऱ्याच वेळाने परतली आणि कॉटवर त्यांच्याजवळ बसली.

"काय गो? बरा होनार काय मी?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. "नाही, चाचा."

त्यांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "मंग पेढे कुठं हायत?"

सुजाता त्याच पावली बाजारात गेली. चाचांनी पेढ्याचा इवलासा तुकडा जिभेवर ठेवला, उरलेला माझ्या तळहातावर दिला, आणि मी तो खातो की नाही, हे संशयाने बघत राहिले.